ताठरतेच्या गोळीविषयी थोडा खुलासा

मधुमेहाचा आकडा ओट्यावर बसून एकमेकांस सांगण्यात, मूतखड्याची सोनोग्राफी शेजाऱ्यास उलगडून दाखविण्यात, किंवा मूळव्याधीवर कोणत्या वैद्याचा इलाज लागू पडला ह्याची एस.टी.च्या प्रवासात मोठ्याने चर्चा करण्यात ज्या आपल्या खानदेशी माणसास यत्किंचितही संकोच वाटत नाही, तोच माणूस समागमाच्या समयी ताठरता येत नाही, अथवा आलेली टिकत नाही, ही तक्रार मात्र पत्नीपासून, सख्ख्या भावापासून आणि सर्वांत अनर्थकारक म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांपासूनही वर्षानुवर्षे लपवून ठेवतो. तक्रार लपविली की इलाजही लपूनच होतो. जळगावातल्या किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवरल्या एखाद्या औषधांच्या दुकानात संध्याकाळी थोडा वेळ उभे राहिले तर हा इलाज कसा होतो ते दिसते. एक मध्यमवयीन गृहस्थ गर्दी ओसरेपर्यंत उगाच बाम आणि खोकल्याच्या वड्या ह्यांची चौकशी करीत रेंगाळतात, गल्ल्याजवळ कोणी बाई उरली नाही असे पाहून खालच्या आवाजात काही पुटपुटतात, काउंटरवरचा पोऱ्या सरावाने एवढेच विचारतो, "पन्नासची देऊ का शंभरची?" आणि ह्या दोहोंत भेद काय हे ठाऊक नसल्यामुळे व मोठ्या आकड्याने काम हमखास होईल ह्या समजुतीने गृहस्थ म्हणतात, "शंभरचीच दे." चार गोळ्यांची पट्टी वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळली जाऊन खिशात जाते. छातीत दुखते म्हणून जिभेखाली ठेवावयाची गोळी तुम्ही घेता काय, हा जो एकच प्रश्न ह्या व्यवहारात विचारला जावयास हवा होता, तो पोऱ्याने विचारलेला नसतो आणि गृहस्थांनाही तो सुचलेला नसतो.

ही औषधे 'शेड्यूल एच'मध्ये मोडतात, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती विकण्यास कायद्याचा मज्जाव आहे; परंतु हा मज्जाव दुकानदार शिरस्त्यापुरता मानतो आणि गिऱ्हाइकास तो निव्वळ अडवणूक वाटतो. गोळी स्वतः उपयुक्त आहे. पाव शतकाहून अधिक काळ जगभर वापरली गेल्यामुळे तिचे गुणदोष पुरते पारखले गेले आहेत. तिच्यापासून जो काही अपाय होतो, त्याचा बहुतांश भाग ती चोरून, न विचारता आणि भलत्याच अपेक्षेने घेतल्यामुळे होतो, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि तेच येथे तपशिलाने मांडावयाचे आहे.

ह्या वर्गातील आद्य औषध सिल्डेनाफिल. इंग्लंडातील सँडविच ह्या गावी फायझर कंपनीच्या संशोधनशाळेत ते मुळात हृदयशूळावरील औषध म्हणून तपासले जात होते. हृदयशूळावर त्याचा म्हणावा तसा गुण आला नाही, मात्र चाचणीतील पुरुषांनी एक निराळाच परिणाम कळविला, आणि त्या परिणामाचा पाठपुरावा होऊन २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेत त्यास ताठरतेच्या दोषावरील औषध म्हणून मान्यता मिळाली. त्याच वर्षी फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद ह्या तिघांस वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते नायट्रिक ऑक्साइड हा वायू शरीरात रक्तवाहिन्या सैल करण्याचा संदेश पोचवितो ह्या शोधाबद्दल. दोन्ही गोष्टी एकाच विषयाच्या आहेत. पुढे टॅडालाफिल आले, २००३ साली. आपल्याकडे त्या काळी पेटंट औषधाच्या कृतीवर मिळे, प्रत्यक्ष औषधद्रव्यावर मिळत नसे, त्यामुळे देशी कंपन्यांनी सिल्डेनाफिल निराळ्या कृतीने तयार करून लौकरच अल्प किमतीत बाजारात आणले. आज तालुक्याच्या गावीही ते स्वस्त मिळते त्याचे मूळ ह्यात आहे, आणि म्हणून परदेशी वेष्टनातील महाग गोळीच अस्सल, देशी ती कमअस्सल, हा ग्रह निराधार आहे.

ही औषधे करतात काय? मनात कामेच्छा जागृत झाली, स्पर्श झाला, म्हणजे मज्जातंतूंच्या टोकांशी आणि वाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड सुटतो. त्याच्या प्रेरणेने 'सायक्लिक जीएमपी' नामक द्रव्य तयार होते. ते शिश्नातील सच्छिद्र पेशीजालाचे स्नायू सैल करते, तेथे रक्त भरते आणि रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जाऊन ताठरता टिकते. हे द्रव्य मोडून टाकणारे 'पीडीई-५' नावाचे विकरही तेथेच काम करीत असते, आणि गोळी अडविते ती फक्त ह्या विकरास. पांझरेच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली फडपद्धतीची शेती ज्यांनी पाहिली आहे त्यांस हे चटकन उमगेल: सांडव्याशी आडवी फळी टाकली तर आलेले पाणी बंधाऱ्यात अधिक काळ थांबते खरे, परंतु वरून नदीच वाहत नसेल तर फळी टाकून बंधारा भरत नाही.

एवढे ध्यानी आले म्हणजे अर्धेअधिक गैरसमज आपोआप गळतात. गोळी घेऊन एखादा मनुष्य वर्तमानपत्र वाचीत किंवा घड्याळाकडे पाहत स्वस्थ पडून राहील, तर काहीच होणार नाही आणि तो दुसऱ्या दिवशी गोळी बनावट असल्याची तक्रार करील. ह्याच्या उलट, नवऱ्याच्या खिशात पट्टी सापडली म्हणजे तो आता अनावर होईल किंवा त्याचे पाऊल वाकडे पडेल अशी जी धास्ती काही गृहिणींस वाटते, तिलाही आधार नाही. गोळी इच्छा उत्पन्न करीत नाही, वाढवीत नाही, आणि कोणाकडे वळवीतही नाही. इच्छाच मंदावली असेल तर तिची कारणे निराळी, म्हणजे चिंता, औदासीन्य, घरातील अबोला, क्वचित टेस्टोस्टेरॉन ह्या अंतःस्रावाची न्यूनता. त्यांचा शोध निराळ्या मार्गाने घ्यावा लागतो. त्या अंतःस्रावाची न्यूनता सकाळच्या रक्ततपासणीत सिद्ध झाल्यावाचून त्याची इंजेक्शने 'ताकदीसाठी' म्हणून टोचून घेऊ नयेत, हेही येथेच सांगून ठेवतो.

वेळेविषयी आणि जेवणाविषयीचे अज्ञान तर फारच सार्वत्रिक आहे. सिल्डेनाफिल समागमापूर्वी साधारण तासभर घ्यावयाचे असते आणि त्याचा उपयोग सुमारे चार तासांपर्यंत होतो. मात्र पोटात स्निग्ध पदार्थ असतील तर ते रक्तात उतरण्यास आणखी तासभर विलंब लागतो आणि उतरते तेही कमी. आता आपल्या मुलखातील थंडीच्या दिवसांतील रात्र डोळ्यांपुढे आणा. शेतात तुरीच्या काड्यांवर बामणोदची वांगी भाजली आहेत, तेलात न्हालेले भरीत आहे, सोबत कळण्याची भाकरी आणि पुऱ्या आहेत, आणि आग्रहास अंत नाही. असे यथास्थित जेवून रात्री उशिरा घरी परतलेला यजमान लगोलग गोळी घेतो, अर्ध्या तासात परिणाम दिसत नाही म्हणून दुसरीही घेतो, आणि पुढे डोके ठणकू लागले म्हणजे गोळीस दूषणे देतो. ज्यांना जेवणाचे हे पथ्य जमण्यासारखे नाही त्यांच्यासाठी टॅडालाफिल आहे. त्यावर जेवणाचा परिणाम होत नाही आणि त्याचा अंमल छत्तीस तासांपर्यंत राहतो. अंमल राहतो ह्याचा अर्थ तितका वेळ ताठरता राहते असा नव्हे. तेवढ्या मुदतीत इच्छा झाली तर शरीर साथ देते, इतकाच त्याचा आशय. मद्याचे म्हणाल तर ते मुळातच ताठरतेचे वैरी आहे आणि गोळीसमवेत रक्तदाब अधिक खाली आणते. 'क्वार्टर मारून गोळी घेतली म्हणजे दुप्पट मजा' हे ढाब्यावरचे शहाणपण दोन्ही अंगांनी खोटे आहे.

मात्रेची बाब अशीच. सिल्डेनाफिलची नेहमीची आरंभीची मात्रा पन्नास मिलिग्रॅमची; पासष्टीपुढील माणसास, किंवा यकृत-मूत्रपिंडाचा विकार असलेल्यास, पंचवीसपासूनच आरंभ करतात; शंभर ही कमाल मर्यादा, आणि चोवीस तासांत एकाहून अधिक वेळा घेण्याची मुभा नाही. पन्नासने ज्याचे काम होते त्याला शंभरने अधिक सुख मिळत नाही. अधिक मिळतात ते उपद्रव, म्हणजे डोकेदुखी, चेहरा लाल होणे, नाक चोंदणे, छातीत जळजळ, क्वचित दृष्टीपुढे निळसर छटा, आणि टॅडालाफिलने पाठ व मांड्या दुखणे. हे उपद्रव बहुधा सौम्य असतात व औषधाचा अंमल उतरताच शमतात. तीन गोष्टी मात्र उशीर न करता रुग्णालय गाठण्याच्या आहेत: एका किंवा दोन्ही डोळ्यांची दृष्टी एकाएकी जाणे, एकाएकी ऐकू येईनासे होणे, आणि ताठरता चार तासांहून अधिक काळ न उतरणे. ही शेवटची अवस्था दुर्मीळ असली तरी तिच्यात लाजेपायी सकाळपर्यंत थांबणे म्हणजे त्या इंद्रियाची कायमची हानी ओढवून घेणे होय.

उलटपक्षी, पहिल्या गोळीने गुण आला नाही म्हणून औषधच निरुपयोगी ठरविणेही घाईचे आहे. योग्य वेळी, हलक्या पोटी, योग्य मात्रेत आणि मन निवांत असताना सहा ते आठ वेळा घेऊन पाहिल्यावाचून ते लागू पडत नाही असा निर्णय जाणते डॉक्टर करीत नाहीत. पट्टी ट्रॅक्टरच्या पेटीत किंवा ट्रकच्या केबिनमध्ये ठेवण्याची वहिवाटही सोडावी. जळगाव-भुसावळचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, बंद केबिनमधील उष्मा त्याहूनही अधिक, आणि औषधे साधारणतः तीस अंशांच्या आत ठेवावयाची असतात. त्याच उन्हात दिवसभर राबून, पुरेसे पाणी न पिता, रात्री गोळी घेतली तर उठताना भोवळ येण्याचा संभव वाढतो, कारण रक्तदाब थोडा उतरविणे हा ह्या औषधाचा स्वभावच आहे.

आता सर्वांत गंभीर प्रकरणाकडे वळू. 'गोळी घेतली आणि माणूस गेला' अशी एखादी गोष्ट बहुतेक प्रत्येक गावात ऐकू येते, आणि तिच्यावरून ही गोळी हृदयास विष आहे असा सरसकट निष्कर्ष काढला जातो. वस्तुस्थिती अधिक सूक्ष्म आहे. ज्याचा हृदयविकार आटोक्यात आहे, ज्याला दोन जिने धाप न लागता व छातीत न दुखता चढता येतात, अशा माणसास समागमाचा श्रम सामान्यतः झेपतो, आणि डॉक्टरांच्या संमतीने गोळीही चालते. नुकताच झटका येऊन गेला असेल, थोड्या श्रमानेही छाती भरून येत असेल किंवा रक्तदाब अनावर असेल, तर गोळीचा विचार दूर ठेवून प्रथम त्या विकाराचा बंदोबस्त करावा लागतो. परंतु एका वर्गाच्या औषधांशी ह्या गोळीचे हाडवैर आहे, आणि तेथे तडजोड नाही. तो वर्ग नायट्रेटांचा: जिभेखाली ठेवावयाची सॉर्बिट्रेट, नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या, फवारे व छातीवर लावावयाच्या पट्ट्या, आणि रोज घेण्याच्या आयसोसॉर्बाइडच्या गोळ्या. नायट्रेट नायट्रिक ऑक्साइडचा पुरवठा वाढविते, ताठरतेची गोळी त्यापासून झालेल्या द्रव्याची मोड थांबविते. दोन्ही एकत्र आली म्हणजे सर्व शरीरातील वाहिन्या एकदम सैलावून रक्तदाब इतका कोसळतो की मेंदूस व हृदयास रक्त पुरत नाही. सिल्डेनाफिल घेतल्यापासून निदान चोवीस तास आणि टॅडालाफिल घेतल्यापासून निदान अठ्ठेचाळीस तास नायट्रेट पोटात जाता कामा नये, आणि जो नायट्रेट नियमाने घेतो त्याने ही गोळी घेऊच नये.

हा नियम वाचावयास सोपा आहे. प्रत्यक्षात तो मोडतो कसा, ते पाहा. रात्री दोनच्या सुमारास घरधन्याच्या छातीत दुखू लागते. घरातील मंडळी घाबरी होतात, शेजारचे आप्पा धावत येतात, आणि हृदयविकाराच्या पहिल्या उपचाराविषयी कुठेतरी वाचलेले आठवून, चांगल्या हेतूने, आपल्या खिशातील सॉर्बिट्रेट त्याच्या जिभेखाली सारतात. तीन तासांपूर्वी त्याने कोणती गोळी घेतली आहे हे आप्पांस ठाऊक नाही, पत्नीस ठाऊक नाही, आणि ज्यास ठाऊक आहे तो बोलण्याच्या स्थितीत नाही, अथवा असला तरी आप्पांसमोर, मुलासमोर आणि सुनेसमोर ते उच्चारण्याची त्याची हिंमत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की, जो ही गोळी घेतो त्याने ती पत्नीस सांगूनच घ्यावी. गोळी घेतलेल्या रात्री छातीत दुखल्यास जिभेखाली काहीही न ठेवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि आलेल्या डॉक्टरांस प्रथम गोळीचे नाव व घेतल्याची वेळ सांगावी. त्यांच्यापाशी नायट्रेटावाचूनही पुष्कळ इलाज असतात.

हृदयाचा विषय निघाला आहे तेव्हा त्याची दुसरी बाजूही पाहू, कारण मला ती पहिलीहून अधिक महत्त्वाची वाटते. शिश्नास रक्त पुरविणाऱ्या धमन्या एक-दोन मिलिमीटर रुंदीच्या, तर हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या असतात; वाहिन्यांच्या अस्तराचा बिघाड किंवा त्यांत साचणारी मेदाची पुटे ह्यांचा त्रास अर्थातच अरुंद ठिकाणी अगोदर जाणवतो. ताठरतेचा दोष हा अनेकदा हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षे आधी हजर होतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात चाळीस ते सत्तर वयाच्या पुरुषांची पाहणी करून १९९४ साली जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात बावन्न टक्के पुरुषांस कमीअधिक प्रमाणात हा दोष आढळला होता. तेव्हा 'माझ्या एकट्याच्याच नशिबी हे आले' असे कोणी समजू नये, आणि 'वय झाले, चालायचेच' म्हणून स्वस्थही बसू नये. चाळिशीतल्या माणसाने ह्या तक्रारीसाठी गुपचूप पट्टी आणली, गुण आला आणि तो निर्धास्त झाला, तर त्याने लक्षण झाकले आणि रोग तसाच वाढू दिला. रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीए१सी, कोलेस्टेरॉल, एवढ्या तपासण्या तरी त्याने गोळीपूर्वी करून घ्यावयास हव्या होत्या.

मधुमेही मंडळींत ह्याच्या नेमका उलट ग्रह आढळतो: 'साखर झाली, आता कोणतीही गोळी चालायची नाही.' मधुमेहाने वाहिन्या आणि मज्जातंतू दोहोंसही इजा होत असल्यामुळे गोळीचा गुण इतरांहून कमी येतो हे खरे. परंतु १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सिल्डेनाफिल घेणाऱ्या मधुमेही पुरुषांपैकी छप्पन्न टक्क्यांस सुधारणा जाणवली, तर लटकी गोळी घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांसच. निम्म्याहून अधिक लोकांस उपयोगी पडणारे औषध आपणांस निषिद्धच आहे असे परस्पर ठरविण्यात शहाणपण नाही. आणि ज्यांस गोळीने गुण येत नाही, त्यांच्यासाठी निर्वात नळीचे उपकरण, इंद्रियात टोचावयाचे औषध आणि शस्त्रक्रियेने बसवावयाचे रोपण हे मार्ग शिल्लक असतात.

रक्तदाबाच्या गोळ्यांमुळेच हे झाले असा तर्क करून त्या बंद करणारे पुष्कळ भेटतात. काही मूत्रल औषधांनी व जुन्या पिढीतील बीटा ब्लॉकरांनी ताठरता मंदावते, हे नाकारता येत नाही. परंतु त्यावर उपाय औषध बदलून मागण्याचा आहे. परस्पर सोडलेल्या गोळीची किंमत पक्षाघाताने चुकती होते. वृद्ध मंडळींनी आणखी एक ध्यानात ठेवावे. प्रोस्टेटच्या त्रासासाठी लघवीची धार सुधारावी म्हणून टॅडालाफिल पाच मिलिग्रॅम रोज घेण्यास सांगितले जाते, व त्याच त्रासावरील टॅम्सुलोसिनसारखी औषधे रक्तदाब उतरवितात; अशा चिठ्ठीवर सुनेने किंवा नातवाने मोबाइलवर नाव शोधून भुवया उंचावल्या तर नानांनी ओशाळे होण्याचे कारण नाही, मात्र त्यावर आणखी सिल्डेनाफिल चोरून घेण्याचे धाडसही करू नये. हेच सिल्डेनाफिल फुप्फुसांतील वाहिन्यांचा दाब वाढलेल्या रुग्णांस, अगदी नवजात अर्भकांसही, दिले जाते. ज्या औषधाने अतिदक्षता विभागात तान्ह्या जिवास श्वास घेणे सुसह्य होते, त्याच्या नावाने दुकानात आवाज खाली करावा लागावा, हा आपल्या संकोचाचा विलक्षणच नमुना म्हणावयाचा.

जडीबुटीच्या निरुपद्रवीपणावरील विश्वास हा ह्या सर्वांत चिवट. यात्रेत कापडावर मुळ्या, शिलाजित आणि काचेच्या बरण्या मांडून बसलेला विक्रेता असो, रेल्वेच्या कडेच्या भिंतीवर 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज' असे रंगविणारा असो, की मोबाइलवर जाहिरात करून कुरिअरने डबी पाठविणारा असो, तिघांचेही घोषवाक्य एकच: 'शंभर टक्के आयुर्वेदिक, साइड इफेक्ट नाही.' आयुर्वेदाविषयी मला आदर आहे. वाजीकरण हे त्याच्या आठ अंगांपैकी एक आहे, आणि चरकाने क्लैब्याचे बीजदोष, इंद्रियाचा विकार, जरा आणि शुक्रक्षय असे चार कारणांवरून चार प्रकार केले आहेत. म्हणजे कारण तपासल्यावाचून एकच चूर्ण सर्वांस देणे खुद्द त्या शास्त्रासही मान्य नाही. परंतु 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा कितीतरी मालांत तपासणीअंती छुपे सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल मिसळलेले सापडले आहे, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तशा मालांविरुद्ध वारंवार इशारे दिले आहेत. चूर्ण घेताच तासाभरात गुण आला तर विक्रेत्याच्या मुळीस श्रेय देण्यापूर्वी ही शंका घ्यावी. कारण नायट्रेट घेणारा हृदयरोगी 'गोळी नको, जडीबुटी बरी' म्हणून सावधगिरीनेच ते चूर्ण घेतो आणि नेमका त्या विषारी संयोगात सापडतो. अशा जाहिरातींस १९५४ सालच्या 'औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती)' अधिनियमाने बंदी आहे, पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि अन्न व औषध प्रशासनाकडे कोणाही नागरिकास तक्रार गुदरता येते; भिंती मात्र सत्तर वर्षांनंतरही रंगलेल्याच आहेत. ह्याउलट रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या अशाच प्रश्नांना शास्त्रीय उत्तरे दिली, तेव्हा १९३४ साली त्यांजवर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि बॅरिस्टर आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडूनही त्यांस दंड झाला. भोंदूंस मोकळे रान आणि जाणत्यांवर फिर्याद, हा क्रम आपण पुष्कळ काळ चालविला.

तरुणांविषयी थोडे. गोळीची सवय लागते काय, असा प्रश्न त्यांच्याकडून हटकून येतो. अफूची किंवा दारूची लागते तशी शरीराची सवय हिची लागत नाही, आणि घेणे थांबविल्याने पूर्वीहून अधिक दौर्बल्यही येत नाही. परंतु लग्नाच्या वरातीत मित्रांनी 'असू दे' म्हणून हातात ठेवलेली गोळी, गरज नसताना, पहिल्याच रात्री घेणाऱ्या निरोगी मुलाच्या मनात गोळीवाचून आपले काही चालणार नाही ही धास्ती घर करते, आणि मग ती धास्तीच दोष उत्पन्न करते. पहाटे झोपेतून उठताना ज्यास नित्य ताठरता येते त्याच्या वाहिन्या व मज्जातंतू बहुधा शाबूत असतात. त्याची तक्रार मनाची, घाईची किंवा 'धातू जातो' ह्या जुन्या भयाची असण्याचा संभव अधिक, आणि तिच्यावर दोन-तीन वेळच्या समुपदेशनाने जो गुण येतो तो पट्ट्यांनी येत नाही. शीघ्रपतन ही तक्रार तर सर्वस्वी निराळी. तिच्यावरील डॅपोक्सेटिन आणि सिल्डेनाफिल एकाच गोळीत घालून विकली जातात, आणि दोहोंनीही भोवळ येऊ शकते. वेष्टनावरील मोठे नाव सोडून त्याखालील बारीक अक्षरांतील द्रव्यांची नावे वाचण्याची खोड लावून घ्यावी, म्हणजे दोन निराळ्या नावांची पण एकाच द्रव्याची औषधे एका रात्री पोटात जाण्याचा प्रमाद टळेल. गोळीने वंध्यत्व येत नाही. तिने शुक्रजंतू वाढतात, गर्भ टळतो किंवा संसर्गजन्य रोगांपासून संरक्षण मिळते, असेही काही नाही. मूल होत नाही म्हणून सासरच्या दडपणाखाली असलेल्या जोडप्याने दोघांचीही तपासणी करावी.

तंबाखूचे मात्र नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यास बंदी आहे, पुड्या तरीही मिळतात, आणि बिडी व मळलेली तंबाखू तर राजरोस चालते. ज्याने वाहिन्या आकसतात ते गालात ठेवून, ज्याने सैलावतात ते पोटात घालणे हा उद्योग थांबविल्यास चार पैसेही वाचतील.

आता जावे कोठे, आणि सांगावे काय? धुळ्यास १९८९ पासून श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावासही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. दोन्हींच्या बाह्यरुग्ण विभागांत, किंवा आपल्या विश्वासाच्या कुटुंबवैद्याकडे, ह्या तक्रारीची चौकशी होऊ शकते. केसपेपरच्या खिडकीवर 'मेडिसिन' एवढे म्हटले तरी पुरते, तक्रार तेथे उच्चारण्याचे कारण नाही. खरी अडचण येते ती आतल्या खोलीत. तेथे गेल्यावर बहुतेकजण "अशक्तपणा वाटतो", "कमजोरी आहे" असे मोघम बोलतात, डॉक्टरांपुढे रांग असते, ते बी-कॉम्प्लेक्स लिहून देतात आणि गृहस्थ पुन्हा त्या पोऱ्यापुढे उभे राहतात. त्याऐवजी सरळ म्हणावे: "डॉक्टरसाहेब, सहा महिने झाले, संबंधाच्या वेळी ताठरता टिकत नाही, सकाळी येते अथवा येत नाही, मला साखर आहे अथवा नाही, मी अमुक गोळ्या घेतो." एवढ्या वाक्यांत त्यांचे निम्मे काम होते. सोबत पत्नी असेल तर उत्तम, कारण अर्ध्या प्रश्नांची उत्तरे तिलाच अधिक नीट ठाऊक असतात. आणि जाताना घरात चालू असलेल्या सर्व औषधांच्या पट्ट्या, रक्तदाबाच्या, साखरेच्या, प्रोस्टेटच्या, वैद्याच्या पुड्या, यात्रेतून आणलेली डबी आणि उशाखाली दडविलेली ती चार गोळ्यांची पट्टीसुद्धा, एका पिशवीत घालून न्यावी व टेबलावर ओतावी. तीतून काय ठेवावयाचे आणि काय टाकावयाचे ते डॉक्टरांस ठरवू द्यावे.